पानात बसवलेले डगले

ब्राउझरनं त्या सकाळी इतक्या अदबीनं विचारलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. "नवी आवृत्ती तयार आहे. आता अपडेट करायचं का?" एवढाच प्रश्न होता. पण मिलिमीटररावांना उभ्या नोकरीत इतक्या नम्रपणे कुणी काही विचारलं नव्हतं. ऑफिसात लोक टेबलावर सरळ कागद आदळायचे, आणि घरी विचारायची पद्धतच नव्हती, निर्णय कळवला जायचा. इथे मात्र एक अख्खी यंत्रणा त्यांच्या होकारासाठी खोळंबली होती. त्यांनी चष्मा सारखा केला, खुर्चीत ताठ बसले आणि मंजुरीची सही ठोकावी तशा थाटात "होय"वर बोट दाबलं.

मिलिमीटरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढायचे, आणि हे नाव त्यांना ड्रॉइंग हॉलनं दिलं होतं. "साधारण" हा शब्द त्यांना सहन होत नसे. भाजीवाला "साधारण किलोभर भरतील, काका" म्हणाला की ते म्हणायचे, "साधारण नको. भरतील ते सांगा." ते येताना दिसले की तो भाजीवाला आधीच तराजू पुसायला घ्यायचा. घरातला कॅलेंडरचा खिळासुद्धा त्यांनी भिंतीची रुंदी मोजून, बरोबर मध्ये ठोकला होता. दुर्दैवानं तिथे दार उघडलं की कॅलेंडर दाराआड जायचं, त्यामुळे तारीख बघायला दार लावून घ्यावं लागे. पण खिळा मध्यावर होता, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तर त्या हॉलची गोष्ट. उंच खिडक्या, त्यांतून येणारा स्वच्छ उजेड, आणि तिरक्या बोर्डांच्या रांगाच रांगा. प्रत्येक बोर्डावर टी-स्क्वेअरची लांब पट्टी, प्रत्येक बोर्डामागे निळ्या डगल्यातला एकेक माणूस. डगला गुडघ्यापर्यंत लांब, पेन्सिलीच्या भुकटीनं आणि शाईनं कपडे खराब होऊ नयेत म्हणून. हॉलमध्ये दिवसभर पेन्सिलींची खरखर चालायची आणि अधूनमधून एक ठरलेला प्रश्न घुमायचा, "माझं खोडरबर कुणी घेतलं?" डगल्याला पेन्सिलीसाठी उंच खिसा होता, पट्टीसाठी लांब खिसा होता, खोडरबराला मात्र कुठेच जागा नव्हती. मोठ्या खिशात टाकलं तर ते तळाशी जाऊन बसायचं, बोर्डावर ठेवलं तर घरंगळायचं आणि खाली पडलं तर शेजाऱ्याचं व्हायचं. त्यावरून माणसं दुपारच्या चहापर्यंत एकमेकांशी बोलायची नाहीत. पुढे कॉम्प्युटर आले, बोर्ड भिंतीकडे सरकले, डगले घरोघरी फरशा पुसायला गेले आणि खोडरबरावरून भांडण्याचं सुखही संपलं.

हे सगळे डगले शिवले होते ते काकूंनी, म्हणजे मिलिमीटररावांच्या बायकोनं. नवीन संसार होता. कारखान्यानं फक्त कापड दिलं आणि शिलाईचं तुमचं तुम्ही बघा म्हणून सांगितलं. काकूंनी नवऱ्याचा डगला शिवला, तो दुसऱ्या दिवशी हॉलनं पाहिला आणि आठवड्याभरात त्यांच्या दोन खोल्यांत निळ्या कापडाचे गठ्ठे येऊन पडले. संध्याकाळी मिलिमीटरराव जमिनीवर ट्रेसिंग पेपर पसरून डगल्याचं ड्रॉइंग काढायचे, काकू कापायच्या. मुंढ्याच्या गोलाईवरून दोघांचं पहिलं भांडण झालं ते तिथेच. ते म्हणाले वर्तुळाचा कंस हवा. त्या म्हणाल्या, माणसाची काख काही कंपासानं केलेली नसते. काकू जिंकल्या. तेव्हापासून घरात कंपास एकाचा आणि कात्री दुसऱ्याची, अशी वाटणी होती आणि संसार त्या वाटणीवर छान चालला.

आणि आता मोठ्या साहेबांचा फोन आला होता. मोठे साहेब म्हणजे हॉलचे प्रमुख, ज्यांच्या हातून एकही ड्रॉइंग पहिल्या फेरीत पास झालं नाही असा माणूस. हॉल रिकामा होणार होता. बोर्ड लाकडाच्या भावात जाणार होते. त्याआधी एक दुपार जुन्या मंडळींना तिथे जमायची परवानगी मिळाली होती. साहेबांचा आवाज फोनवरही तसाच करडा होता, फक्त शेवटी थोडा अडखळला. "वहिनींना विचार," ते म्हणाले, "डगले होतील का? एकदाच. शेवटचं."

काकूंनी शिलाईचं मशीन मुलगी परगावी गेल्यापासून उघडलं नव्हतं. त्यावर कव्हर होतं, कव्हरावर टेबलक्लॉथ आणि त्यावर फुलदाणी. म्हणजे ते मशीन राहिलंच नव्हतं, ते फुलदाणीचं स्टूल झालं होतं. काकूंनी आपले हात बघितले. "आता जमेल का मला?"

"न जमायला काय झालं?" मिलिमीटरराव म्हणाले. काकूंनी फुलदाणी खाली ठेवली.

जुनं ड्रॉइंग घर बदलताना कुठेतरी गेलं होतं. पण इंटरनेटवर मिलिमीटररावांना एक जागा सापडली, जिथे मापं भरली की अख्खा डगला तयार व्हायचा, आणि ब्राउझरमधून तो पानापानांवर छापून, पानं चिकटवून घेतली की झालं. रेषा इतक्या सुबक होत्या की त्यांना हॉलमधल्या आपल्या तरुणपणाची आठवण झाली. पहिला डगला त्यांनी स्वतःचा छापला. कडेच्या रेषा पानाबाहेर जाऊन थोड्या कापल्या जात होत्या, त्या त्यांनी पेन्सिलीनं जोडल्या. काकूंनी कापला, शिवला, इस्त्री केली. डगला अंगावर चढवून मिलिमीटरराव आरशासमोर उभे राहिले. खांदा खांद्यावर होता, बाही मनगटावर होती. काकूंनी मागून कॉलर सारखी केली आणि म्हणाल्या, "अगदी तस्से दिसताय." त्या दिवशी जेवताना त्या गुणगुणत होत्या. हे मिलिमीटररावांनी बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

अपडेट झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

बाकीच्यांचे डगले छापायला म्हणून त्यांनी छापायची आज्ञा दिली, आणि नेहमीची ती छोटी, करड्या रंगाची, गरीब खिडकी उघडलीच नाही. तिच्याऐवजी पडदाभर काहीतरी पसरलं. एका बाजूला पानाचं भलंमोठं चित्र, दुसऱ्या बाजूला पर्यायांचा रकाना आणि त्यातले अर्धे पर्याय "आणखी" या शब्दाखाली दुमडून ठेवलेले. जुन्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात एक चौकट होती. मिलिमीटररावांनी ती एकदा नीट लावून दिली होती आणि मग तिच्याकडे बघायची गरज पडली नव्हती. ती चौकट आता कुठेच दिसेना. छापायचं बटण उजवीकडून डावीकडे गेलं होतं, त्यामुळे पहिल्या फटक्यात त्यांनी "रद्द" दाबलं. दुसऱ्या फटक्यात पानं आली, पण प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ छापलेली होती. डगल्याच्या कॉलरवर वेळ कशाला, हे त्यांना कळेना. तिसऱ्या फटक्यात सगळी पानं आडवी आली.

समोरच्या दारातले विमावाले मदतीला धावले. विमावाल्यांकडे जगातल्या सगळ्या अडचणींवर एकच उपाय होता. "बंद करून चालू करा." कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग प्रिंटर. मग विमावाल्यांच्या आग्रहावरून भिंतीवरचं मुख्य बटणही बंद करून चालू केलं, त्यामुळे काकूंचं फ्रिजमधलं आईस्क्रीम तेवढं सैल झालं. खिडकी जशीच्या तशी. "मग जुनी आवृत्ती परत मागवा," विमावाले म्हणाले.

"ती कुठे मिळते?"

"ते मला माहीत नाही. पण मागायला काय जातं?"

मुलीला फोन झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, 'आणखी' वर क्लिक करा. खाली सगळं आहे."

"खाली म्हणजे कुठे? सरळ मोजून सांग."

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. रात्री बघू." ती रात्र आली नाही, कारण तोपर्यंत मिलिमीटररावांनी वरिष्ठांकडे दाद मागायचं ठरवलं होतं. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही यंत्रणेचं वरचं टोक असतंच आणि तिथे जबाबदार माणूस बसलेला असतो, यावर त्यांची श्रद्धा होती. ब्राउझरमध्ये "अभिप्राय पाठवा" अशी एक जागा निघाली. त्यांनी बसून मजकूर लिहिला: "विषय: मुद्रणाच्या खिडकीत पूर्वसूचना न देता केलेल्या फेरबदलांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की" आणि इथे ती चौकट भरली. त्यापुढे एक अक्षर मावेना. त्यांनी तेवढंच पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं: तुमचा अभिप्राय आम्हाला फार मोलाचा वाटतो, हे उत्तर उपयुक्त होतं का? समोरच्यानं इतक्या तत्परतेनं दखल घेतल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना. मिलिमीटररावांनी "होय" दाबलं.

शेवटी त्यांनी स्वतःच कंबर कसली. "आणखी"च्या खाली डोकं घातलं, तारीख उडवली, आडवं उभं केलं आणि दुपारी पानं व्यवस्थित आली. व्यवस्थित म्हणजे पूर्वीपेक्षाही चांगली! कडेची एकही रेषा कापलेली नव्हती. पेन्सिलीनं जोडायला काही उरलंच नव्हतं. चहूबाजूंनी सारखा कोरा समास सोडून अख्खं ड्रॉइंग पानात बसलं होतं. मिलिमीटरराव विरघळले. आपण उगाच चिडलो, नवीन पोरांनी काहीतरी विचार करूनच हे केलेलं असणार, असं त्यांनी काकूंना समजावलं. एवढ्यावर न थांबता त्यांनी दुसरा अभिप्राय पाठवला: "विषय: अभिनंदन." या वेळी मजकूर चौकटीत मावला.

मापं फोनवर आली होती, आणि ड्राफ्ट्समन लोकांची मापं ती. शाईवाले, ज्यांच्या बोटांवरची शाई निवृत्तीनंतरही गेली नव्हती, त्यांनी छातीच्या घेरापुढे अधिक-उणे किती धरायचं तेही कळवलं. लेटरिंगवाले, ज्यांच्या हातची अक्षरं बघायला इतर खात्यांतून माणसं येत, त्यांनी स्वतःची समोरून आणि बाजूनं आकृती काढून पाठवली. बाजूच्या आकृतीत पोट दाखवलेलं नव्हतं.

कापताना काकूंनी एका चौकोनावर बोट ठेवलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तो होता, छोटासा. खाली बारीक इंग्रजीत ओळभर काहीतरी होतं. "अहो, माझ्या मनात परवाच आलं होतं, हा कसला तुकडा?"

"खिसा असेल."

"एवढासा? यात काय मावणार? तुमच्या डगल्याला लावलाय मी, पण विचित्रच दिसतो."

मिलिमीटररावांनी हॉलचा पहिला नियम सांगितला, जो मोठ्या साहेबांनी प्रत्येक नवख्याच्या डोक्यात पहिल्याच दिवशी घातला होता. "जे ड्रॉइंगवर आहे ते करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही." ती बारीक ओळ वाचायची त्यांना गरज वाटली नाही. सूचना इतरांसाठी असतात. ते स्वतः आयुष्यभर सूचना लिहिणाऱ्यांतले होते. काकूंनी प्रत्येक डगल्याच्या छातीवर तो चौकोन शिवला.

डगले घालून बघायला मंडळी घरी जमली तेव्हा खोलीत आधी नुसता गलका होता. शाईवाल्यांनी कापडाचा वास घेतला. लेटरिंगवाले मशीनजवळ उभे राहून म्हणाले, "वहिनी, हेच ना ते मशीन?" मोठे साहेब काठी टेकत आले आणि त्यांना बघून सगळेजण सवयीनं उठून उभे राहिले. मग डगले वाटले गेले, आणि हळूहळू खोली शांत झाली.

शाईवाल्यांचं शेवटचं बटण लागेना. लेटरिंगवाल्यांचं लागलं, पण ते श्वास घ्यायचे थांबले. खांद्यांवर कापड ताणलं होतं, पाठीवर वळ्या पडल्या होत्या. कुणीही काही बोललं नाही, कारण माप घेताना प्रत्येकानं श्वास आत ओढून पोट लपवलं होतं आणि आपल्या एकट्याचीच चोरी पकडली गेली आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. "जरा सुटलंय खरं," शाईवाले पुटपुटले. "मी उद्यापासून साखर बंद करतो," लेटरिंगवाले म्हणाले.

आपला डगला घातलेले मिलिमीटरराव मात्र सगळ्यांच्या मध्ये तलवारीसारखे सरळ उभे होते. शाईवाल्यांनी हेव्यानं विचारलं, "तू कसा रे तस्साच राहिलास?" आणि मिलिमीटरराव पाघळले. त्यांनी पहाटेच्या फिरण्याचं महत्त्व सांगितलं. भाताबद्दल दोन शब्द सांगितले. शिस्त, ते म्हणाले, शरीराला शिस्त लागते. विमावाले दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनीही मान हलवली, आणि "शरीरसुद्धा अधूनमधून बंद करून चालू करावं, म्हणजे उपास," असं जोडून दिलं.

मोठे साहेब आरशात बघत होते. "पोट सुटलं हे मान्य," ते म्हणाले. "पण हात लांब कसे झाले?"

सगळ्यांनी आपापल्या बाह्या बघितल्या. प्रत्येकाचं मनगट बाहेर होतं. विमावाल्यांचं म्हणणं पडलं की खांदे रुंदावले की बाही वर ओढली जाते. साहेबांनी त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि बाही खाली ओढायला हात पुढे केला, तर पाठीवरची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली. तो आवाज खोलीभर ऐकू आला.

"असू दे, असू दे," साहेब काकूंकडे वळून म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "वय होतं, वहिनी. हाताचंसुद्धा होतं. चालायचंच." त्यांना दिलासाच द्यायचा होता. काकू हसल्या, चहा आणायला आत गेल्या, आणि चहा यायला बराच वेळ लागला.

मंडळी गेल्यावर काकूंनी मशीनला कव्हर घातलं. त्यावर टेबलक्लॉथ. त्यावर फुलदाणी. "हात गेला माझा," त्या म्हणाल्या, "बाकीच्यांचे डगले दुकानातून आणा." रडल्याबिडल्या नाहीत. आरडाओरडा केला असता तर मिलिमीटररावांना परवडलं असतं. गेली कित्येक वर्षं त्यांना त्याची सवय होती. पण काकूंनी कात्री उचलून स्वयंपाकघरातल्या खणात, पळ्यांमध्ये टाकली. ती कापडाची कात्री होती. तिला कागद दाखवला तरी पूर्वी घरात वादळ व्हायचं.

मिलिमीटररावांना जेवण जाईना. शरीराच्या शिस्तीवरचं आपलं भाषण त्यांना आठवत राहिलं आणि आपला एकट्याचाच डगला बरोबर कसा, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येऊन बसला. एकाच बाईनं, एकाच मशीनवर शिवलेला. हात गेला असेल तर तो आपल्या डगल्यानंतर एका दिवसात कसा गेला? ते उठले. काकूंनी कागदाचे तुकडे टाचण्यांनी एकत्र लावून ठेवले होते. त्यांनी आपल्या डगल्याचा तो चिमुकला चौकोन काढला, शाईवाल्यांचा काढला आणि एकावर एक ठेवला. खालचा चौकोन चारही बाजूंनी डोकावत होता.

त्यांनी पट्टी आणली. त्यांचा चौकोन पाच सेंटिमीटर भरला. शाईवाल्यांचा तीन मिलिमीटर कमी. लेटरिंगवाल्यांचा तितकाच कमी. साहेबांचाही. मग त्यांनी भिंग घेतलं आणि चौकोनाखालची बारीक ओळ वाचली. छापून झाल्यावर हा चौकोन आधी मोजा, असं त्यात म्हटलं होतं. पाच सेंटिमीटर भरला नाही तर छपाई मापात नाही, कापू नका. म्हणजे तो खिसा नव्हताच. जगातल्या ज्या एका माणसानं तो चौकोन न चुकता मोजायचा, त्यानं तो चार-चार जणांच्या छातीवर शिवून घेतला होता.

त्यांनी कॉम्प्युटर लावला, "आणखी" उघडलं, आणि अगदी तळाशी ती हरवलेली चौकट दिसली. नव्या ब्राउझरनं आपल्या मनानंच ठरवलं होतं: "पानात बसवा." कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून त्यानं अख्खी मंडळी थोडी थोडी आक्रसली होती, अगदी प्रेमानं, काहीही न विचारता. अपडेट करताना एवढी अदब दाखवणाऱ्यानं हे मात्र विचारलं नव्हतं. आणि यासाठी त्यांनी त्याचं लेखी अभिनंदन केलं होतं.

"ऐकतेस का," ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. त्यांच्या हातात दोन कागदी चौकोन होते. त्यांनी सगळं सांगितलं, ओळ वाचून दाखवली, भाषणाचाही उल्लेख गाळला नाही. काकू ऐकत राहिल्या. मग त्यांनी खण उघडला, पळ्यांमधून कात्री काढली आणि पदरानं पुसली.

"म्हणजे हात माझाच आहे," त्या म्हणाल्या.

"हात तुझाच आहे. डोकं माझं नव्हतं."

काकू म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं. त्यांच्यात तुमचं ते नाव आहे. माझ्यावर ढकला. बाईचं वय झालं, म्हणा. ते काय, आत्ताही तेच समजतायत."

खरं सांगायचं तर मिलिमीटररावांना ते पटलं. त्या नावाशिवाय त्यांच्याजवळ हॉलमधलं काही उरलं नव्हतं.

पुढचे दिवस घरात पुन्हा निळं कापड पसरलं. इतरांचे डगले सावरता आले, कारण काकू शिवणीच्या आत नेहमी भरपूर कापड सोडत. ड्राफ्ट्समन मंडळी बसून असतात, खात असतात, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. शिवणी उसवल्या, सैल केल्या, बाह्यांना पट्ट्या लावल्या. साहेबांचा मात्र नव्यानं करावा लागणार होता. मिलिमीटररावांनी प्रिंटरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद ताणला, पेन्सिलीला टोक केलं आणि हातानं काढायला घेतलं. हाताला जुनी वाट सापडली. मुंढ्यापाशी आल्यावर ते थांबले आणि त्यांनी पेन्सिल काकूंच्या हातात दिली. गोलाई काकूंनी काढली.

"आणि तो खिसा?" काकूंनी विचारलं.

"तो कशाला आता!"

"सगळ्यांना आहे. साहेबांनाच नसला तर त्यांना वाईट वाटेल." त्यांनी चौकोन काढला, आणि या वेळी मिलिमीटररावांनी तो मोजला.

हॉलमध्ये त्या दुपारी उजेड पूर्वीसारखाच होता. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेले, त्यांच्यावर धूळ, पण कुणाचा बोर्ड कुठला हे प्रत्येकाला न बघता सापडलं. मंडळींनी डगले चढवले, बटणं लागली, श्वासही घेता आला. आणि निळ्या डगल्यातली ती म्हातारी माणसं त्या उजेडात उभी राहिली. शाईवाले आपल्या बोर्डावरची धूळ बाहीनं पुसत राहिले. डगला त्याचसाठी तर होता.

मोठ्या साहेबांना डगला चपखल बसला. त्यांनी बाही बघितली, खांदा बघितला. "जमलं की, वहिनी," ते मोठ्यानं म्हणाले. "पहिल्या खेपेला जरा चुकलं, पण वयोमानानं तेवढं होणारच. आपण सगळे तिथेच चाललोय." मंडळींनी समजूतदारपणे माना हलवल्या. काकूंनीही हलवली. त्यांनी ठरवल्याप्रमाणे खाली बघितलं, आणि ते खाली बघणं मिलिमीटररावांना बघवेना.

"हिचं काही चुकलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, हॉल रिकामा असल्यामुळे घुमलाही. "छपाई मापात नव्हती. मी छापली. मी मोजली नाही. हिनं बिनचूक शिवलं, चुकीचं होतं ते मी दिलेलं माप." मग एकदा सुरुवात झालीच म्हणून त्यांनी ब्राउझर, "पानात बसवा", अभिनंदनाचा अभिप्राय, सगळं सांगून टाकलं; खिशाचं तेवढं राहिलं. "आणि तुमच्यापैकी कुणाचंही पोट सुटलेलं नाही," असं त्यांनी शेवटी जाहीर केलं. मोठे साहेब शाईवाल्यांच्या पोटाकडे बघत राहिले.

"मी साखर सोडली होती!" लेटरिंगवाले कळवळून म्हणाले.

मिलिमीटररावांना हॉलमधला तो जुना क्षण आठवला, जेव्हा साहेब ड्रॉइंगवर वाकायचे आणि सगळ्यांच्या पाठीतून घाम निघायचा. साहेब काठी टेकत त्यांच्यासमोर आले. "तीस वर्षांत तुझं एक ड्रॉइंग माझ्याकडून पहिल्या फेरीत पास झालं नाही," ते म्हणाले. "हेही होणार नाही. पण दुरुस्तीची जागा आपण प्रत्येक ड्रॉइंगवर ठेवायचोच की रे. उजव्या कोपऱ्यात." मग ते काकूंकडे वळले, काठी बोर्डाला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. "वहिनी, मी हाताबद्दल बोललो. ते चुकलं."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, "अहो, हे काय, डगला चुरगळेल," म्हणाल्या.

साहेब छातीवरचा तो छोटा चौकोनी खिसा चाचपत होते. सगळ्यांनी त्या खिशाची आधीच भरपूर टिंगल केली होती. त्यात पेन्सिल राहत नव्हती, पट्टीचा प्रश्नच नव्हता. साहेबांनी आतल्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक खोडरबर काढलं, झिजून गोल झालेलं, कडेला कुणाची तरी पुसट आद्याक्षरं असलेलं. ती लेटरिंगवाल्यांची होती. पण ते वाचून भांडायचं त्यांना त्या क्षणी सुचलं नाही. साहेबांनी खोडरबर त्या खिशात टाकलं. ते बरोबर बसलं. ना तळाशी गेलं, ना बाहेर आलं.

साहेबांनी वाकून बघितलं, परत एकदा थापटून बघितलं. "एवढी वर्षं डगले घातले," ते म्हणाले, "आणि ही जागा कुणी ठेवली नाही. वहिनी, हे सुचलं कुणाला?"

मिलिमीटररावांनी खरं ते सांगायला तोंड उघडलं. आजच्या दिवसात ते जमायला लागलं होतं. पण काकूंनी त्यांचा दंड धरला.

"ह्यांना," त्या म्हणाल्या. "मोजून काढलाय."